पडद्यावरची नक्षी आणि कापडावरची खूण



काचीगुडा, हैदराबाद

चि. भाचीस,

पडदा असलेले शिवणयंत्र घरात आल्यावर त्यावर गोधडी शिवू पाहणाऱ्या नवशिक्याने कोणत्या गोष्टी आधी समजून घ्याव्यात, ते या पत्रात एकत्र सांगितले आहे. त्याचे सार आरंभीच सांगायचे तर असे की, पडद्यावर दिसणारी नक्षी ही कापडाविषयी काही गोष्टी गृहीत धरून काढलेली असते आणि ती गृहीते खरी आहेत की नाहीत हे यंत्राला पुरते कळत नाही; म्हणून भाचीने पडद्यावरील रेघेला कापडावरच्या एखाद्या खुणेची साक्ष मिळाल्याखेरीज सुई खाली उतरवू नये.

क्विल्टिंग म्हणजे वरचे कापड, मधला थर आणि अस्तर हे तिन्ही एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून त्यांतून आरपार घातलेली शिवण. गोधडीत किंवा वाकळीत हेच काम हाताचा धावदोरा करतो आणि मधल्या थराची जागा बहुधा जुनी लुगडी व धोतरे घेतात. मराठवाडा ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग असल्याने तिकडून येऊन काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा या भागांत स्थिरावलेल्या मराठी घरांना गोधडी नवी नाही. नवे आहे ते एवढेच की, टाका कोठे पडावा हे आता डोळ्याऐवजी पडदा सुचवू लागला आहे.

हे सुचवणे चार प्रकारचे असते आणि ते वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिला प्रकार सल्ल्याचा: कापडाचा आणि कामाचा प्रकार निवडला की कोणता फूट, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा भाग, लावावा, टाक्याची लांबी किती असावी, दोऱ्याचा ताण किती ठेवावा हे पडदा सांगतो. दुसरा प्रकार मांडणीचा: हूप, म्हणजे कापड ताणून धरणारी चौकट, पडद्यावर चौकोनाच्या रूपात दिसते आणि तिच्यात नक्षी सरकवता, फिरवता, लहानमोठी करता येते. तिसरा प्रकार पाहण्याचा: काही यंत्रे कॅमेऱ्याने हुपातील कापडाचे चित्र पडद्यावर आणतात, तर २०१८ मध्ये आलेल्या ब्रदरच्या ल्युमिनेअरसारखी यंत्रे प्रोजेक्टरने नक्षीच कापडावर प्रकाशात पाडतात. चौथा प्रकार टाका सांभाळण्याचा: कापड हाताने हवे तसे फिरवत शिवताना, म्हणजे फ्री-मोशन शिवणीत, बर्निनाचा स्टिच रेग्युलेटर कापडाचा वेग संवेदकाने मोजतो आणि टाक्याची लांबी सारखी ठेवतो. घरगुती यंत्राच्या पोटात इलेक्ट्रॉनिक स्मृती आली ती १९७५ च्या सिंगर अथीना २००० पासून, आणि संगणकीय भरतकाम घरात आले ते १९९० च्या जानोमे मेमरी क्राफ्ट ८००० पासून; भारतात जानोमेची यंत्रे उषाच्या नावासोबत मिळतात. या पन्नास वर्षांत यंत्राची स्मृती अफाट वाढली असली तरी सुईखालच्या तीन थरांचे वागणे पूर्वीचेच राहिले आहे.

पडदा आणि कापड यांच्यातला फरक समजून घेण्यासाठी हैदराबादेत दूर जावे लागत नाही. शहरातील मग्गम वर्क करणारे कारागीर, म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणून आरी या आकडीच्या सुईने जरी, मणी व टिकल्या भरणारे, नक्षी उतरवण्यासाठी खाका वापरतात. खाका म्हणजे ज्यावरील रेघांवर सुईने बारीक छिद्रे पाडलेली असतात असा पातळ कागद; तो कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड बोळ्याने वरून फिरवली की छिद्रांतून ठिपक्यांची रेघ कापडावर उमटते. ही रेघ एकदा उमटली की ती कापडाचीच होते, त्यामुळे कापड ताणले गेले तर ती ताणली जाते आणि सरकले तर सोबत सरकते, आणि कारागिराला चूक टाका पडण्यापूर्वीच दिसते. पडद्यावरील रेघ किंवा प्रोजेक्टरचा प्रकाश मात्र यंत्राच्या मोजमापाला बांधलेला असतो, कापडाला नव्हे. खालचे कापड तीन मिलिमीटर सरकले तरी प्रकाश जागचा हलत नाही आणि पाहणाऱ्याला सर्व काही जुळल्यासारखे वाटत राहते. म्हणून पडदा कितीही चांगला असला तरी भाचीने खाक्याचे हे तत्त्व सोडू नये आणि गोधडीवर निदान मध्यातून जाणाऱ्या आडव्या-उभ्या दोन रेघा व प्रत्येक हुपाचा मध्यबिंदू खडूने किंवा शिंप्याच्या साबणाच्या वडीने कापडावरच आखावा. पाण्याने जाणारे पेन वापरल्यास ती खूण धुण्याआधी इस्त्री करू नये, कारण अशी शाई उष्णतेने पक्की होऊ शकते.

यानंतर कापडाची ओळख. पडदा कापडाला सपाट, चौकोनी व न ताणणारे समजतो आणि हैदराबादेत सहज मिळणारी हातमागाची कापडे या समजाला पदोपदी छेद देतात. नारायणपेठच्या चौकडीत आडव्या धाग्यांची घट्टता विणकराच्या हाताच्या ठोक्यावर अवलंबून असते, त्यामुळे डोळ्याला चौरस दिसणारा चौकोन मोजल्यावर थोडा लांबट निघू शकतो. अशा कापडावर पडद्यातील काटेकोर चौरसांची जाळी मांडली की पहिल्या काही घरांत जुळलेली रेघ पुढे चौकडीपासून सुटत जाते. पोचमपल्लीच्या इकतमध्ये सूत विणण्यापूर्वीच बांधून रंगवतात, म्हणून आकृतीची कड विणताना धाग्याधाग्याने पुढेमागे होते आणि पिसासारखी विरलेली दिसते. कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रात त्या कडेवर नक्षी जुळवू गेल्यास नेमकी कड सापडतच नाही. अशा वेळी आकृतीवर न विसंबता कापडाच्या उभ्या धाग्यावर विसंबावे आणि तो धागा पट्टीने आखून घ्यावा. नव्या हातमागाच्या कापडात खळ असते, जी धुतल्यावर निघते आणि कापड आटते. म्हणून ते आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापावे. उलट जुनी साडी आटायची तेवढी आटलेली असली तरी नेसून नेसून ती काही ठिकाणी विरलेली असते. पडद्याला हे दिसत नाही, परंतु कापड उजेडासमोर धरले की डोळ्याला दिसते.

हातच्या गोधडीची सवय यंत्रावर जशीच्या तशी चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे. अनेक गोधड्यांत धावदोरा कडेने सुरू होऊन चौकोनात फिरत मध्याकडे जातो, आणि ते साधते कारण शिवणारी बाई जमिनीवर पसरलेल्या थरांवर स्वतः बसलेली असते व प्रत्येक टाक्याआधी तळहाताने कापड सारखे करते. यंत्रात खालचे दाते अस्तराला पुढे ओढतात तर वरचा फूट वरच्या थराला मागे धरतो, त्यामुळे वरच्या कापडाचा फुगवटा सुईच्या पुढे ढकलला जातो. कडेने सुरुवात केल्यास तो मध्ये अडकून चुण्या पडतात, मध्यापासून सुरुवात केल्यास कडेने बाहेर निघून जातो. सरळ रेघांसाठी वॉकिंग फूट वापरावा, कारण त्यालाही वरून कापड सरकवणारे दाते असतात आणि तिन्ही थर बरोबरीने पुढे जातात. हुपाच्या कामात दाते खाली बसवलेले असतात व हूपच हलतो. तरी दाट टाक्यांनी कापड आत ओढले जातेच. कडेपासून कडेपर्यंत एकच नक्षी ओळीने भरायची असेल तर मध्यापासून आरंभ करणे नेहमी सोयीचे नसते. अशा वेळी तिन्ही थरांना कच्चे टाके अधिक जवळजवळ, तळहाताएवढ्या अंतराने घालावेत.

हुपामागून हूप जुळवणे हेच पडद्यावरच्या क्विल्टिंगमधील अवघड काम आहे. एका माणसाची रजई १५० × २२५ सेंटिमीटरची आणि हूप २०० × २०० मिलिमीटरचा धरला तर आडवे ८ व उभे १२ असे ९६ वेळा कापड हुपात बसवावे लागते. प्रत्येक वेळी एकाच दिशेने एक मिलिमीटर चूक झाली तर बारा हुपांत ती सव्वा सेंटिमीटरच्या जवळ जाते. आणि हूप एक अंश तिरका बसला तर त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेतीन मिलिमीटरांचा, तर रजईच्या पूर्ण रुंदीवर सुमारे २६ मिलिमीटरांचा फरक पडतो. म्हणून नक्षी केवळ मध्यबिंदूवर जुळवून थांबू नये, कारण एका बिंदूने जागा ठरते पण दिशा ठरत नाही. नक्षीच्या दोन्ही टोकांच्या खुणाही कापडावर आखाव्यात, मग नक्षीचा पहिला टाका पडद्यावर निवडावा, हातचाक फिरवून सुईचे टोक कापडाला टेकेपर्यंत खाली आणावे आणि ते आपल्या खुणेवर येते का पाहावे. मग शेवटचा टाका निवडून तसेच करावे. दोन्ही टोके जुळली तरच शिवण सुरू करावी. एक टोक चुकत असेल तर थोड्या चुकीसाठी पडद्यावर नक्षी फिरवावी, जास्त चुकीसाठी कापड काढून पुन्हा हुपात बसवावे. जास्त तिरपे बसलेले कापड पडद्यावर सरळ करून घेण्याचा मोह पुढच्या हुपाला महाग पडतो.

पुढच्या ओळीचे माप पडद्यावरून न घेता शिवलेल्या कापडावरून घ्यावे. टाके पडले की थर एकमेकांकडे ओढले जातात आणि पडद्याने २०० मिलिमीटर म्हटलेली नक्षी कापडावर थोडी कमी भरते. किती कमी, हे कापड, मधला थर व नक्षीची दाटी यांवर ठरते. म्हणून त्याच तीन थरांचा नमुना आधी करावा, त्यावर एक पूर्ण हूप शिवून काढावा आणि कापड हुपातून सोडवल्यावर पट्टीने मोजून तो आकडा वहीत लिहावा. याच नमुन्यावर सल्ल्याच्या पडद्याचीही परीक्षा घ्यावी. तीन थरांसाठी ९०/१४ ची सुई बहुधा योग्य असते. यातील ९० हा आकडा सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो, म्हणजे ती ०.९० मिलिमीटर असते. थर पातळ असल्यास ७५/११ पुरते. सरळ शिवणीत टाका अडीच ते तीन मिलिमीटरचा ठेवावा. वरचा दोरा अस्तराच्या बाजूला फासासारखा दिसला तर वरचा ताण कमी पडला असे समजावे आणि बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, दोरा वर डोकावला तर वरचा ताण जास्त झाला असे समजावे. परंतु आकडा बदलण्यापूर्वी दोरा सर्व खाचांतून नीट ओवला आहे का ते पाहावे.

नक्षीची निवड हा विवेकाचा स्वतंत्र विषय आहे. बाजारातील कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या दुकानांतून मिळणाऱ्या फायली बहुधा डीएसटी स्वरूपात असतात, तर घरगुती जानोमे जेईएफ आणि ब्रदर पीईएस वाचते. डीएसटीत रंगांची माहिती नसल्याने पडद्यावर भलतेच रंग दिसले तर घाबरू नये. अधिक महत्त्वाचे हे की भरतकामाची फाइल एकेरी कापडावर आकृती भरून काढण्यासाठी केलेली असते. ती तीन थरांवर चालवल्यास गोधडीत पुठ्ठ्यासारखे कडक तुकडे तयार होतात. क्विल्टिंगसाठी एकाच सलग रेघेने चालणारी, मोकळी नक्षी निवडावी. हैदराबादची थंडी डिसेंबर-जानेवारीपुरती आणि बेताचीच असल्याने येथे मधल्या जाड थराची गरज नसते. मध्ये एखादी मऊ सुती साडी पुरते आणि अशा पातळ गोधडीवर विरळ नक्षीच अंगाला मऊ लागते.

शिवणीत खंड पडतोच, त्याचीही तयारी असावी. दोरा तुटल्यास पडद्यावरील टाक्यांची मोजणी आठ-दहा टाके मागे न्यावी आणि जुन्या टाक्यांवरून पुढे जावे. वीज जाण्याची शक्यता असल्यास यंत्राला यूपीएस जोडावा व दर थोड्या वेळाने टाक्याचा क्रमांक वहीत टिपावा, कारण प्रत्येक यंत्र बंद पडल्यावर आपली जागा लक्षात ठेवतेच असे नाही. उसवावे लागले तर वरून दोरा ओढू नये; अस्तराच्या बाजूने दर चौथा-पाचवा टाका कापावा, म्हणजे वरचा दोरा आपोआप सुटतो आणि कापड फाटत नाही.

शिकण्याचा क्रम असा ठेवावा. आधी वॉकिंग फूटने, पडदा केवळ टाक्याच्या लांबीपुरता वापरून, खडूने आखलेल्या सरळ रेघा शिवाव्यात. मग एकाच हुपाची उशीची खोळ करावी. त्यानंतर ९० × १०० सेंटिमीटरचे बाळाचे दुपटे घ्यावे. त्यात २०० मिलिमीटरचे सुमारे २५ हूप बसतात, म्हणजे जुळवणीचा सराव होतो पण चूक आटोक्याबाहेर जात नाही. या दुपट्याच्या शेवटच्या हुपात पडद्याचे आणि खडूचे माप किती फरकाने वेगळे पडले ते मोजावे. तो फरक दोन मिलिमीटरांच्या आत आला की भाचीने मोठी रजई हाती घ्यावी. येत नसेल तर दुसरे दुपटे करावे, त्याला घेणारे घर नात्यात नक्की सापडेल.

 

मावशी