वनसहल : पाहुण्यांची शिस्त
(इयत्ता 5 वी ते 7 वीसाठी पाठाची रूपरेषा)

हेतू : अभयारण्यातील वर्तनाचे नियम व त्यांमागील कारणे विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष कृतीतून समजावून देणे.

साहित्य : मोजपट्टी, लांब दोरी, चुना, जिल्ह्याचा नकाशा.

प्रस्तावना : पाहुणा दुसऱ्याच्या घरी गेला असता कसा वागतो, हे प्रथम विद्यार्थ्यांस विचारावे. तो दारात वाट अडवीत नाही, निजलेल्या मुलास हलवून उठवीत नाही, ही उत्तरे मुलांकडून सहज येतील. वनात माणूस हा पाहुणा आहे, हे सूत्र तेथूनच मांडावे. नकाशावर चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा दाखवावा. 1955 साली स्थापन झालेले हे राष्ट्रीय उद्यान महाराष्ट्रातील सर्वांत जुने होय. तारू या गोंड दैवतावरून त्यास हे नाव पडले, असे सांगतात.

विषय-विवेचन : यानंतर एक घडलेली गोष्ट सांगावी. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली. तिला पाहण्यासाठी पर्यटकांच्या गाड्या दोन्ही बाजूंनी जमल्या आणि मायलेकरांची वाट अडली. त्याचे चित्रण सर्वत्र पसरले. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रकाराची दखल घेतली. वाहनचालक व गाइड यांच्यावर कारवाई झाली.

येथे शिक्षकांनी थांबून दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात. पहिली अशी की, बछडी शिकारीसाठी व रक्षणासाठी सर्वस्वी आईवर अवलंबून असतात. गोंधळात ती पांगली तर त्यांच्या जिवास धोका संभवतो. शिवाय कोंडलेले जनावर बिथरून अंगावरही येऊ शकते. दुसरी गोष्ट अशी की, गाइड व चालक हे बहुधा वनालगतच्या गावांतीलच असतात. "आणखी जवळ घ्या" असा आग्रह पाहुणा धरतो आणि घरी निघून जातो. रोजगार मात्र गावकऱ्याचा जातो. आपल्या वर्गातील काही मुलेही उद्या गाइड होतील. यास्तव आग्रह न धरणे हे पाहुण्याचे, आणि आग्रहास न भुलणे हे गाइडचे कर्तव्य, या दोन्ही बाजू मुलांस पटल्या पाहिजेत.

कृती : राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वन्यप्राण्यापासून किमान 20 मीटर आणि एकाच रस्त्यावरील दोन गाड्यांमध्ये किमान 50 मीटर अंतर ठेवावयाचे असते. आकडे नुसते पाठ करून घेऊ नयेत. मुलांकडून ती अंतरे मोजून घ्यावीत. मैदान लहान असल्यास गावालगतचा माळ उपयोगी पडेल. चुन्याने रस्ता आखून एका मुलीस वाघीण व पाच मुलांस बछडी करावे. उरलेल्या मुलांच्या 'गाड्या' कराव्यात. प्रथम गाड्यांना दोन्ही बाजूंनी हवे तितके जवळ येऊ द्यावे आणि वाघिणीस रस्ता ओलांडण्यास सांगावे. नंतर योग्य अंतरे राखून तोच खेळ पुन्हा घ्यावा. दोन्ही वेळी काय वाटले, हे वाघीण झालेल्या मुलीसच सांगू द्यावे. तिचे उत्तर वर्गास शिक्षकाच्या व्याख्यानाहून अधिक शिकवील.

इतर नियम व त्यांची कारणे :

1. गाडीतून खाली उतरू नये, उभे राहून आरडाओरडा करू नये. शांत बसल्यास चितळ, सांबर व वानर यांचे इशाऱ्याचे आवाज ऐकू येतात. वाघाचा सुगावा बहुधा त्यांवरूनच लागतो.
2. वानरांस बिस्किटे घालू नयेत. खाऊच्या लोभाने ती रस्त्यावर येतात व गाड्यांखाली सापडतात.
3. कचरा परत आणावा. ताडोब्याच्या परिसरात एका वाघाने प्लास्टिकची बाटली तोंडात धरून नेल्याचे चित्रण फेब्रुवारी 2024 मध्ये प्रसिद्ध झाले, हे मुलांस सांगावे.
4. भडक रंगाचे कपडे व अत्तर टाळावे.

उजळणी : वाघीण रस्त्याच्या कडेला थांबली आहे; आपली गाडी पुढे आहे, मागून दुसरी येत आहे. चालकाने काय करावे? पाहुण्यांनी काय करावे? मुलांस कारणांसह उत्तरे देऊ द्यावीत.

समारोप : सहलीहून परतलेल्या मुलास घरी व शाळेत पहिला प्रश्न विचारला जातो तो "वाघ दिसला का?" हाच. वाघ न दिसल्यास सहल फुकट गेली, अशी मुलाची समजूत होते आणि पुढे तेच मूल मोठेपणी गाडी जवळ घेण्याचा आग्रह धरते. शिक्षकांनी हा प्रश्न बदलावा. "काय काय ऐकले? कोणकोणते ठसे पाहिले? आपल्यामुळे कोणाची वाट अडली नाही ना?" असे विचारावे. शेवटच्या प्रश्नास मुलाने खऱ्या मनाने "नाही" म्हटले, तर पाठ साधला असे समजावे.