गाव बिनरुळाचं, नाद गाडीचा

रेल्वेचा नाद असलेल्या माणसाला मी भोरचा आहे असं सांगितलं की त्याचे डोळे चमकतात. "म्हणजे भोर घाट! नशीबवान आहेस लेका!" मग त्याला समजवावं लागतं की बाबा रे, रेल्वेचा भोर घाट (जुन्या लोकांचा बोरघाट) कर्जत आणि लोणावळ्याच्या मध्ये आहे. आमचं भोर तिथून सरळ रेषेत मोजलं तरी ऐंशी-एक किलोमीटर लांब, नीरा नदीच्या काठी. घाट आमच्याकडेही आहे, वरंधा. पण तो एसटीचा. भोर तालुक्यात रूळ नाही. शेजारच्या वेल्ह्यात तोरणा आहे, राजगड आहे (२०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने तालुक्यालाच राजगड नाव द्यायचं ठरवलं), पण स्टेशन नाही.

आम्हाला जवळची लाइन म्हणजे पुणे-मिरज. ती आमच्या पूर्वेकडून, पुरंदरमधून जाते : शिंदवणे, जेजुरी, वाल्हा, नीरा आणि पुढे लोणंद. भोरहून कापूरहोळ-नारायणपूर-सासवड करत जेजुरी गाठायची, नाहीतर शिरवळवरून लोणंद. वेल्ह्याच्या पोराला त्याआधी नसरापूरपर्यंत यावं लागतं. म्हणजे एक गाडी बघायची तर अर्धा दिवस मोडतो. प्लॅटफॉर्मवर टाइमपास करता करता फोटो काढायची चैन आम्हाला नाही. कुठली गाडी, किती वाजता, ऊन कुठल्या बाजूला, हे सगळं हॉस्टेलवरच ठरवून निघावं लागतं.

या लांबच्या अंतराने मला एक गोष्ट शिकवली. गाडी येण्याआधी जे करायचं ते करून ठेवावं लागतं, आल्यावर फार काही करता येत नाही. फोटो, सिम्युलेटर आणि फुटबॉल या माझ्या तिन्ही नादांत हेच सूत्र आहे. मित्रांनो, लेखात थोडी गणितं आहेत, पण घाबरू नका. एम-थ्रीपेक्षा नक्की सोपी आहेत.

फोटो : पाच सेंटिमीटरचा प्रश्न

ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. शटर स्पीड १/५०० ठेवला तर शटर उघडं असेपर्यंत गाडी ५ सेंटिमीटर पुढे जाते. ऐकायला किरकोळ वाटतं ना? आता बघा. साधा डीएसएलआर घेऊ. सेन्सरची रुंदी २४ मिलिमीटर, आडवे ६००० पिक्सेल, लेन्स ५० मिलिमीटरची. रुळापासून ५० मीटरवर अगदी काटकोनात उभे राहिलात तर फ्रेममध्ये २४ मीटर मावतात, म्हणजे साधारण एक डबा. २४ मीटर भागिले ६०००, म्हणजे एका पिक्सेलवर ४ मिलिमीटर. गाडी सरकली ५० मिलिमीटर, म्हणजे बारा-तेरा पिक्सेल. डब्यावरचा नंबर वाचता येणार नाही.

उपाय दोन. पहिला सगळ्यांना सुचतो : शटर १/२००० करा. पण पावसाळ्यात, नाहीतर संध्याकाळी, तेवढा उजेडच नसतो. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण तो कॅमेऱ्यात नसून पायांत आहे. जागा बदला. येणाऱ्या गाडीकडे रुळाशी १५ अंशांचा कोन करून बघा. गाडीचा वेग तोच, पण कॅमेऱ्याला आडवा दिसतो तो वेग गुणिले साइन १५, म्हणजे जवळजवळ पाव. इंजिन तेवढ्याच ५० मीटरवर असताना बारा-तेराचे तीन पिक्सेल होतात. रेल्वेच्या चांगल्या फोटोंत इंजिनाचा चेहरा आणि मागे वळत गेलेले डबे दिसतात, त्यामागे सौंदर्याइतकंच हे गणितही आहे. आणि ५० मीटर तिरप्या रेषेत असताना तुम्ही रुळापासून काटकोनात १३ मीटर लांब असता. म्हणजे चांगल्या फोटोसाठी रुळाला चिकटावं लागत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

बाकीची तयारीही आधीचीच. पुणे ते सातारा ही लाइन ढोबळमानाने उत्तर-दक्षिण जाते, म्हणून सकाळी पूर्वेच्या बाजूला उभं राहायचं आणि दुपारनंतर पश्चिमेच्या. पुण्याहून दुपारी सुटणारी कोयना एक्सप्रेस टिपायची तर पश्चिमेची बाजू. फोकस आधीच एखाद्या खांबावर लावून ठेवायचा. विजेच्या खांबांवर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो. तो वहीत टिपला की पुढच्या खेपेला जागा शोधत बसावं लागत नाही. मग सिग्नल पडतो, फाटक बंद होतं, आणि तुम्ही तयार असता.

या छंदाची परंपरा जुनी आहे. खऱ्या भोर घाटाचं बांधकाम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. मधल्या काळात, १८५९ मध्ये, सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार भारतात पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला. कंत्राट त्याची बायको अ‍ॅलिस हिने पुढे चालवलं आणि काम तडीस नेलं. या कामाच्या फोटोंचा तिचा अल्बम आजही जपलेला आहे. इंजिन घाट चढण्याआधी कॅमेरा घाटात पोचला होता तो असा.

सिम्युलेटर : ब्रेक कधी लावायचा?

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर आला. त्यात जगातले सहा मार्ग होते, भारतातला एकही नव्हता. मग आपल्याकडच्या हौशी पोरांनी स्वतःच भारतीय इंजिनं, डबे आणि मार्ग तयार केले. ओपन रेल्स या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती जुनी सामग्री अजून चालते. ज्याच्या तालुक्यात रूळ नाही त्याला रूळ पीसीवर मिळतो.

पहिल्यांदा खेळणारा प्रत्येक जण प्लॅटफॉर्म ओलांडून पुढे जातो. कारण तो ब्रेक मोटारसायकलसारखा लावतो : स्टेशन दिसलं की. गाडीच्या ब्रेक पाइपमध्ये ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब असतो आणि तो कमी केला की ब्रेक लागतात. पण दाब कमी झाल्याची बातमी इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत हवेतूनच पोचणार. वीस डबे म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर. हवेतल्या ध्वनीच्या वेगाने गेली तरी दीड सेकंद, प्रत्यक्षात त्याहून जास्त. समजा, ब्रेक पूर्ण लागायला ३ सेकंद गेले आणि नंतर गाडी ०.६ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने मंदावली. ताशी १०० किलोमीटरला थांबण्याचं अंतर काढा. तीन सेकंदांत ८३ मीटर, पुढे व्ही वर्ग भागिले टू-ए म्हणजे ६४३ मीटर. एकूण सव्वासातशे मीटर. आपल्या कॉलेजच्या गेटपासून कॅन्टीनपर्यंत किती होतं ते मोजा आणि मग विचार करा.

चढावर दुसरा धडा मिळतो. भोर घाटाचा चढ ३७ ला १ आहे. हजार टनांचे डबे आणि सव्वाशे टनांचं इंजिन धरलं तर नुसत्या चढासाठी ११२५ गुणिले ९.८१ भागिले ३७, म्हणजे सुमारे ३०० किलोन्यूटन बळ लागतं. त्यात चाकांचा आणि हवेचा रोध मिळवा. एका मोठ्या विद्युत इंजिनाचं सुरुवातीचं बळ ३२० किलोन्यूटनच्या आसपास असतं. म्हणजे सगळा दम चढातच संपला. त्यात पाऊस पडून रूळ ओले झाले की चाक घसरायला लागतं. म्हणून कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात. मागून ढकलल्यामुळे पुढच्या कपलिंगवरचा ताणही कमी होतो. मेकॅनिक्सच्या पुस्तकात उतरणीवरचा ठोकळा बघून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते माझ्या डोक्यात इथे शिरलं.

फुटबॉल : चेंडू माणसाकडे नाही, जागेकडे

आता तुम्ही म्हणाल, फुटबॉल मध्येच कुठून आला? तोही रुळावरूनच आला. आमची पुणे-मिरज लाइन पुढे कोल्हापूरला नेते, आणि तिथे फुटबॉलचं वेड आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावं कुस्तीची, पण शाहू स्टेडियमवर त्यांचे फुटबॉल संघ उतरतात तेव्हा पेठा रिकाम्या होतात. तिकडे इंग्लंडात मँचेस्टर युनायटेडची सुरुवातही १८७८ मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या कामगारांनी केली. आणि आपल्या देशात १९५८ साली मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन या तिघांना मागे टाकून ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली. त्या संघातले पी. के. बॅनर्जी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कप्तान होते.

असो, मुद्द्यावर येऊ. हॉस्टेलच्या मॅचमध्ये आपण पास देतो तो मित्र जिथे उभा असतो तिथे. पास २४ मीटरचा, चेंडूचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर, म्हणजे दोन सेकंद. मित्र ७ मीटरच्या वेगाने पळत असेल तर तेवढ्यात तो १४ मीटर पुढे गेलेला असतो. चेंडू त्याच्या पाठीमागून जातो, आणि मग दोघंही एकमेकांवर ओरडतात. पास द्यायचा तो दोन सेकंदांनंतरच्या मित्राला. खांबावर फोकस लावून गाडीची वाट बघणं आणि रिकाम्या जागेत चेंडू सोडणं यांत मला तरी काही फरक दिसत नाही.

कुठे उभं राहायचं नाही

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. हल्ली सुट्टीत ग्रुप निघतो, कुठेतरी रुळावर उतरतो, आणि मागून येणाऱ्या गाडीसोबत रील काढतो. "गाडी दिसली की बाजूला होऊ," हे वाक्य मी हॉस्टेलवर स्वतः ऐकलं आहे.

वरचेच आकडे घ्या. वळणावर २०० मीटरपर्यंतच दिसत असेल आणि गाडी ताशी १०० ने येत असेल तर तुमच्याकडे सव्वासात सेकंद आहेत. तेही तुम्ही गाडीकडे बघत असाल तर. तुम्ही तर पाठ करून मोबाइलकडे बघताय. ड्रायव्हरला थांबायला सव्वासातशे मीटर हवेत, आहेत दोनशे. म्हणजे हॉर्न आणि ब्रेक या दोन्ही गोष्टी करूनही पुढचं सगळं त्याला काचेतून बघत बसावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्यूटीवर जावं लागतं. त्याचा यात काय दोष?

म्हणून आमचे साधे नियम. रुळात उतरायचं नाही. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहेच, पण कायदा नसता तरी गणित तेच राहिलं असतं. फोटो प्लॅटफॉर्मवरून, पादचारी पुलावरून, नाहीतर हद्दीबाहेरच्या रस्त्यावरून. तेरा मीटरवरून फोटो चांगला येतो हे वर दाखवलंच आहे. वर २५ हजार व्होल्टची तार आहे, तेव्हा सेल्फी स्टिक, छत्री, लांब काठी उंच करायची नाही. झटका बसायला तारेला हात लागावाच लागतो असं नाही. ड्रायव्हरच्या तोंडावर फ्लॅश मारायचा नाही. ड्यूटीवरचा माणूस नको म्हणाला तर वाद न घालता कॅमेरा बॅगेत.

या सेमिस्टरनंतर ज्याला यायचं असेल त्याने माझ्या रूमवर यावं. सकाळची पहिली एसटी, डबा आपापला, आणि वहीत खांबाचा नंबर टिपायला पेन. गाडी वेळेवर येईलच असं नाही. पण ती येईल तेव्हा आपण कुठे उभे असू, हे मात्र आदल्या रात्री ठरलेलं असेल.