दडलेले संगीतकार

'बाबा खरेच बोलले.' या साध्या वाक्यात एक जर्मन संगीतकार बसला आहे. शेवटचा 'बा' पुढच्या 'ख'ला जोडा, बाख सापडेल. 'भजनात तो सदा रंगलेला असे' यात मुहम्मदशहाच्या (१७१९-१७४८) दरबारातील सदारंग आहे. 'रंगात' लिहिले की मात्र कोडे फसते. 'ग'चा 'गा' होतो. इंग्रजीत वर्ण सुटे, आपल्याकडे काना-मात्रा अक्षराला चिकटलेली. मोझार्टने तर मला दोन रात्री जागविले! 'र्ट'ने शब्द सुरू होत नाही, म्हणून 'झार्ट' एकाच शब्दात हवे. तसा शब्द मला मिळाला नाही.

खुद्द बाख हा खेळ स्वरांत खेळला. जर्मन पद्धतीत 'एच' हाही स्वर असल्याने त्याच्या आडनावाची चारही अक्षरे वाजविता येतात. 'सी'ला षड्ज मानल्यास कोमल नी, ध, सा, शुद्ध नी. 'आर्ट ऑफ फ्यूग'मधील अपुऱ्या राहिलेल्या रचनेत हे स्वर येतात. १७५० मध्ये तो वारला. पेटीवर वाजवून पाहिले, दोन्ही निषाद इतके जवळ आलेले प्रथम कानाला खटकले.

सदारंगाचे उलट. चिजेत तो नाममुद्रा उघड घालीत असे, आणि त्याचे खरे नाव होते नियामत खाँ.