गच्चीवरचा प्रोग्रॅम, खोलीतला डीबगर

डीबगिंग शिकवताना मी नेहमी असे गृहीत धरत आलो की प्रोग्रॅम आणि त्याची तपासणी करणारा, दोघे एकाच यंत्रावर असतात. २०२३ च्या मार्चमध्ये एका वसतिगृहाने हे गृहीत मोडीत काढले.

तिथल्या टाकीची पातळी मोजून पंप चालू-बंद करणारा प्रोग्रॅम माझ्या दोन विद्यार्थ्यांनी सी भाषेत लिहिला होता. गच्चीवर एआरएम प्रोसेसरचा तळहाताएवढा बोर्ड, त्यावर लिनक्स. प्रकल्प मीच तपासून मंजूर केलेला. एके पहाटे रखवालदाराचा फोन आला, “नीर इल्ल्री, सर!” टाकी कोरडी, पंप बंद, आणि धोक्याची घंटाही वाजली नव्हती. ऐन परीक्षेत मुले आंघोळीवाचून खोळंबली. बोर्डावर प्रोग्रॅम मात्र चालूच होता, आणि लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम बिनचूक वागत होता!

बोर्ड खाली आणावा असे वाटणे साहजिक. पण आमचा संशय संवेदकाच्या सैल तारेवर होता. हात लागताच तार जुळली असती आणि दोष पसार झाला असता. तेव्हा रोग्याला जागचे हलवायचे नाही असे ठरले.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेला जीडीबी हा डीबगर इथे दोन ठिकाणी विभागून बसतो. बोर्डावर राहतो छोटा जीडीबीसर्व्हर. प्रोग्रॅम थांबवणे, पुढे चालवणे, स्मृती व रजिस्टरे वाचणे, एवढेच त्याचे काम. चलांची नावे, ओळींचे क्रमांक यांतले त्याला काही कळत नाही. ते ज्ञान लॅपटॉपवरच्या, एआरएम जाणणाऱ्या जीडीबीकडे असते. दोघांचे संभाषण साध्या अक्षरांत चालते. रजिस्टरे हवी असली की लॅपटॉप डॉलरचिन्ह, जी हे अक्षर, हॅश आणि ६७ एवढेच पाठवतो. हे ६७ म्हणजे जी या अक्षराचा षोडशमान संकेत, पडताळणीची बेरीज म्हणून जोडलेला. वाटेत एखादे अक्षर बिघडले तर ते त्यावरून कळते.

आम्ही बोर्डावर जीडीबीसर्व्हरला ‘अटॅच’ हा पर्याय, २३४५ हे पोर्ट आणि चालू प्रोग्रॅमचा प्रोसेस-क्रमांक दिला. लॅपटॉपवर ‘टार्गेट रिमोट’ लिहून बोर्डाचा पत्ता दिला. जोडणी झाली, पण पडद्यावर भलतेच! प्रोग्रॅम एका कोऱ्या ओळीवर उभा असल्याचे दिसू लागले. चौकशी करता एका पठ्ठ्याने कबूल केले, “सर, काल रात्री मी दोन ओळी वाढवून परत कंपाइल केलं.” लॅपटॉपवरची प्रत आणि बोर्डावरची प्रत एकाच बांधणीची नसेल तर जीडीबी खोटे सांगू शकतो. मला स्वतःला हे त्या दिवशीच नीट उमगले. जुना मजकूर काढून, डीबग-माहितीचा ‘जी’ पर्याय लावून, त्याच कंपायलरने पुन्हा बांधणी केली, तेव्हा ओळी जुळल्या.

मग पातळीचा चल छापून पाहिला. उत्तर आले २५५!

संवेदकाकडून वाचन मिळाले नाही तर फलन उणे एक परत देत असे आणि मुलांनी ते कॅरॅक्टर प्रकारात साठवले होते; शंभरपर्यंतचा आकडा एका बाइटात मावतो म्हणून. लॅपटॉपच्या इंटेल-घराण्यातल्या प्रोसेसरवर हा प्रकार चिन्हासह धरला जातो, एआरएम लिनक्सवर चिन्हाविना. सी भाषेच्या प्रमाणाने ही निवड कंपायलरवर सोडली आहे. लॅपटॉपवर उणे एक शून्याहून लहान, म्हणून घंटा वाजे. बोर्डावर त्याचे २५५ झाले, म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली!

दोन गोष्टी विसरू नका. जीडीबीसर्व्हर कोणालाही ओळख विचारत नाही, म्हणून त्याचे पोर्ट उघड्या नेटवर्कवर ठेवू नये. आणि ब्रेकपॉइंटवर प्रोग्रॅम थांबतो, मोटार थांबत नाही. आमचा पंप बंद होता म्हणून निभावले.

चलाचा प्रकार बदलून नवी प्रत आम्ही खोलीतूनच बोर्डावर पाठवली. घंटा लगेच वाजली. तार जोडायला मात्र गच्चीवर चढावेच लागले.