गोळी तीच, शरीर मात्र बदललेले

रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालय हे ठाणे, येरवडा व नागपूर येथील रुग्णालयांप्रमाणेच राज्याच्या मानसिक आरोग्यसेवेचा जुना आधार होय. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन हे औषध तीव्र मनोविकारांवर वापरले गेले आणि उपचारांचे नवे पर्व सुरू झाले. अशा औषधांमुळे अनेक रुग्ण घरी राहून शेती-बागायत सांभाळू लागले. तरुणपणी उपचार सुरू झालेल्यांपैकी कित्येकांनी आता साठी ओलांडली आहे. गोळी तीच, मात्राही तीच. पण ती स्वीकारणारे शरीर पूर्वीचे राहिलेले नाही.

वयाचा परिणाम

वयोमानाप्रमाणे शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते व चरबीचे वाढते. यांपैकी बहुतेक औषधे चरबीत साठून राहणारी असल्याने ती शरीरात अधिक काळ रेंगाळतात. यकृताचे आकारमान व त्याला होणारा रक्तपुरवठा कमी होतो. मूत्रपिंडाची गाळणक्षमता चाळिशीनंतर सर्वसाधारणपणे दर वर्षी सुमारे १ टक्क्याने उतरते. शिवाय मेंदूही औषधाला अधिक संवेदनशील बनतो. परिणामी हातपाय ताठरणे, कंप, गुंगी, उठताना रक्तदाब घसरून तोल जाणे असे त्रास उद्भवतात. घरातील कर्ती माणसे मुंबईला असताना वृद्धाचे असे एक पडणे त्याला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते.

यकृत आणि मूत्रपिंड

हॅलोपेरिडॉल, ओलान्झापिन, क्लोझापिन आदी औषधांचे विघटन प्रामुख्याने यकृतात होते. यकृत रोगग्रस्त असल्यास त्यांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. याउलट अमिसल्प्राइड मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. रिस्पेरिडोनचे रूपांतर यकृतात होते. मात्र त्यातून तयार होणारे प्रभावी द्रव्य मूत्रपिंडावाटेच उत्सर्जित होते. म्हणून या औषधाच्या बाबतीत दोन्ही अवयवांचा विचार करावा लागतो. वृद्धांचे स्नायू क्षीण झालेले असल्याने रक्तातील क्रिएटिनिन सामान्य दिसूनही मूत्रपिंड दुर्बल असू शकते, हेही ध्यानी घ्यावयास हवे.

भातलावणीच्या हंगामात कोकणात आढळणारा लेप्टोस्पायरोसिस या दोन्ही अवयवांवर आघात करू शकतो. अशा वेळी चालू असलेल्या मनोविकाराच्या गोळ्यांची माहिती उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दिलीच पाहिजे. विडी-सिगारेट अचानक सुटली, तरी ओलान्झापिन व क्लोझापिनचे रक्तातील प्रमाण वाढते. कारण तंबाखूच्या धुराने त्यांचे यकृतातील विघटन वेगाने होत असते.

गावाने काय करावे?

याचा अर्थ गोळ्या आपल्या मनाने कमी कराव्यात असा मुळीच नाही. औषध एकाएकी तोडल्यास आजार उलटण्याचा धोका असतो. वृद्धांसाठी कमी मात्रेने आरंभ व सावकाश वाढ हे सूत्र डॉक्टर पाळतात; जुन्या रुग्णांच्या मात्रेचाही वेळोवेळी फेरविचार होणे इष्ट असते. तो व्हावा म्हणून रुग्णाला नियमित तपासणीस नेणे, जुने कागद व सर्व चालू गोळ्या सोबत ठेवणे, तोल जाणे किंवा अतिगुंगी दिसताच आरोग्य केंद्रास कळविणे, ही कामे कुटुंबीय, आशा कार्यकर्ती, शिक्षक व पंचायत सदस्य सहज करू शकतात. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेला असावा. ज्या गोळीने रुग्णाला घर परत मिळवून दिले, तिनेच त्याला खाटेवर आणू नये, यासाठी एवढी दक्षता पुरेशी उपकारक ठरेल.