पोपटांच्या थव्याची टेहळणी आणि पिकाची राखण

ज्वारी, मका, सूर्यफूल ही पिके दाणे भरण्याच्या अवस्थेत आली म्हणजे पोपटांचे थवे शेतावर उतरू लागतात. पेरू व डाळिंब यांच्या बागांनाही त्यांचा उपद्रव पोहोचतो. पोपट पोटात घालतो त्याहून अधिक नासतो. अर्धवट कुरतडलेले कणीस वा फळ टाकून तो दुसऱ्याकडे वळतो. शेतात बुजगावणे उभे केले, तरी काही दिवसांतच पोपट त्यास जुमानीनासे होतात, हा अनुभव बहुतेक शेतकऱ्यांस आहे. असे का घडते हे समजण्यासाठी थवा चरत असताना शत्रूवर नजर कशी ठेवतो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

थव्याने चरण्याचे कारण

शिक्रा व ससाणा हे पोपटांचे शत्रू होत. एकटा पक्षी चोच कणसात खुपसतो, तेवढा वेळ त्याची नजर अडते. थव्यात मात्र काहींच्या माना खाली असताना इतरांच्या वर असतात. कोणाच्या ना कोणाच्या दृष्टीस शत्रू वेळीच पडतो. इंग्लंडमध्ये केनवर्ड या शास्त्रज्ञाने शिकवलेला शिकारी पक्षी रानकबुतरांवर सोडून याची परीक्षा घेतली. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, एकट्या कबुतरावर घातलेल्या झडपांपैकी सुमारे ८० टक्के यशस्वी झाल्या. पन्नासाहून मोठ्या थव्यांवरील झडपांत हे प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी होते. मोठ्या थव्यास शत्रू दुरूनच दिसत असे.

पहारा सर्वांचा

थव्यातील एक पोपट पहारेकरी म्हणून नेमलेला असतो, अशी समजूत आहे. परंतु अशा नेमणुकीवाचूनही पहारा चालतो. प्रत्येक पक्षी चार दाणे टिपतो, मान वर करून पाहतो व पुन्हा खाऊ लागतो. पोपटाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे मान फारशी न वळवता त्यास दोहोंकडचे दिसते. शिवाय तोडलेला घास पायात धरून ताठ बसून खाता येत असल्याने खाताना टेहळणीही साधते. एकाने कर्कश ओरडून झेप घेतली की सारा थवा त्याच्यामागे उडतो.

पक्ष्यांच्या थव्यांत सामान्यतः असे आढळते की, थवा जसजसा वाढतो तसतसा प्रत्येकाचा टेहळणीचा वेळ घटतो व खाण्याचा वाढतो. कडेला बसलेले पक्षी मधल्या पक्ष्यांहून अधिक सावध असतात. मोठा थवा पिकास अधिक घातक ठरतो तो केवळ संख्येमुळे नव्हे. त्यातील प्रत्येक पक्षी निर्धास्तपणे खात असतो, हेही त्याचे एक कारण आहे.

बुजगावणे निष्प्रभ का होते

खोट्या भीतीने वारंवार उडणाऱ्या पक्ष्यास उपाशी राहावे लागते. म्हणून एकाच जागी उभी असलेली, न हलणारी व कधीही इजा न करणारी वस्तू पोपट लवकरच ओळखतो. ठराविक वेळी होणाऱ्या आवाजासही तो असाच सरावतो.

राखणीच्या दृष्टीने सूचना

१. दाणे दुधाळ होऊ लागताच, पहिले चारदोन पोपट दिसले त्याच दिवशी राखण सुरू करावी. थवा जमण्याची वाट पाहू नये.

२. पोपट सकाळी व सायंकाळी अधिक चरतात. त्या वेळी राखणदार हजर असावा.

३. पोपट कोणत्या झाडावरून शेतात उतरतात हे आधी पाहावे व मचाण त्या बाजूस बांधावे. राखणदाराने जागा बदलत फिरावे.

४. बुजगावण्याची जागा व कपडे दर दोनतीन दिवसांनी बदलावेत. गोफण, डबा व चकाकणारी फीत आलटून पालटून वापरावीत. गोफण पक्षी मारण्यासाठी नव्हे, उडवण्यासाठी आहे.

५. मक्याच्या कणसांभोवती त्याच ताटाची पाने गुंडाळल्यास कणीस झाकले जाते. थोडे क्षेत्र असल्यास ते लाभदायक ठरते.

६. शेजाऱ्यांनी एकाच सुमारास पेरणी करावी. एकट्याचे पीक आधी वा मागाहून पक्व झाले, तर सारा भार त्यावरच पडतो.

पोपट मारणे, जाळ्यात धरणे, विष घालणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये गुन्हा आहे. त्यांना घाबरवून उडवणे हाच योग्य मार्ग होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांसह बांधावर दहा मिनिटे शांत बसून थवा न्याहाळावा. किती पोपट आले, कोठून आले, किती माना वर आहेत व कशामुळे ते उडाले, हे टिपून घ्यावे. त्यानंतरच कोणता उपाय कोठे योजावा ते ठरवावे.