मार्कशीट समोर ठेवा आणि एसजीपीए स्वतः काढा

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा विंटर किंवा समर परीक्षेचा निकाल लागला, की सगळीकडे एकच प्रश्न ऐकू येतो : "किती आला?" एसजीपीएचा, म्हणजे सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटांच्या सरासरीचा, आकडा ज्याला त्याला तोंडपाठ असतो, पण तो आला कसा हे फार थोड्यांना सांगता येतं. गणित म्हणाल तर फक्त गुणाकार, बेरीज आणि एक भागाकार. या आकड्यावर पुढे एम.एस्सी.चा प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरीचा अर्ज अडतो. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने तो एकदा तरी आपल्या हाताने काढावा, असं मला मनापासून वाटतं.

आधी सामान जमवा. मार्कशीट, वहीचं एक पान, मोबाइलचा कॅल्क्युलेटर आणि आपल्या अभ्यासक्रमाची स्कीम, म्हणजे कोणत्या पेपरला किती क्रेडिट, किती गुण इंटर्नलचे आणि किती लेखीचे हे सांगणारा तक्ता. तो सिलॅबसच्या पीडीएफमध्ये सुरुवातीलाच असतो. पीडीएफ मात्र आपल्याच बॅचची हवी. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून विषयांची मांडणी पार बदलली आहे, त्यामुळे सिनियरने पाठवलेली जुनी फाइल इथे कामाची नाही.

पानावर चार रकाने आखा : विषय, क्रेडिट, ग्रेड पॉइंट, गुणाकार. क्रेडिट हे त्या विषयाचं वजन. साधारण १५ तासांच्या थिअरीला एक क्रेडिट आणि ३० तासांच्या प्रॅक्टिकलला एक क्रेडिट, असा हिशोब असतो. दुसरा रकाना स्कीम पाहून भरा.

तिसऱ्या रकान्यात ग्रेड पॉइंट येतात. यूजीसीच्या दहा पॉइंटांच्या पद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ म्हणजे शून्य. गैरहजर असाल तरी शून्यच. किती गुणांना कोणतं अक्षर, हे मात्र विद्यापीठ ठरवतं आणि ते आपल्या स्कीममध्येच पाहायचं. इंटर्नल आणि लेखी यांची बेरीज होऊन त्या बेरजेला अक्षर मिळतं. अक्षर मिळालं की आतले सुटे गुण हिशोबातून गेले. त्याच अक्षराच्या खालच्या टोकाला असलेला आणि वरच्या टोकाला असलेला, दोघांचे पॉइंट सारखेच. टोकाजवळच्या एका गुणाने मात्र अख्खा पॉइंट हलतो, म्हणून इंटर्नलची असाइनमेंट कधी सोडू नये.

आता एक नमुना भरू. मेजरची थिअरी, ४ क्रेडिट, बी प्लस : चार साते अठ्ठावीस. मेजरचं प्रॅक्टिकल, २ क्रेडिट, ए प्लस : १८. मायनर, ४ क्रेडिट, ए : ३२. ओपन इलेक्टिव्ह, ४ क्रेडिट, बी : २४. स्किलचा विषय, २ क्रेडिट, ए : १६. भाषा, २ क्रेडिट, ए : १६. भारतीय ज्ञान प्रणाली, २ क्रेडिट, ओ : २०. को-करिक्युलर, २ क्रेडिट, ओ : २०. चौथ्या रकान्याची बेरीज १७४, क्रेडिटची बेरीज २२. १७४ भागिले २२, उत्तर ७.९१. हा झाला एसजीपीए.

बरेच जण इथेच चुकतात. ते आठ विषयांच्या पॉइंटांची बेरीज ६६ करतात, आठाने भागतात आणि ८.२५ काढून बसतात. मग निकालात ७.९१ दिसला, की विद्यापीठाने गुण कापले असं वाटतं. कापलं कुणीच नाही. दोन क्रेडिटच्या विषयांत मिळालेले दहा-दहा पॉइंट मेजरच्या सातापुढे हलके पडतात, इतकंच. याच नमुन्यात मेजरची थिअरी बी प्लसवरून ए झाली असती, तर ७.९१ चा ८.०९ झाला असता. दोन क्रेडिटच्या विषयात एक अक्षर चढल्याने यापेक्षा निम्मीच वाढ होते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कोणतं पुस्तक आधी उघडायचं, ते यावरून ठरवा.

एखादा पेपर राहिला तर? त्याचे पॉइंट शून्य, पण त्याची क्रेडिट भाजकातून निघत नाहीत. वरच्या नमुन्यात ओपन इलेक्टिव्ह राहिला असता, तर १५० भागिले २२, म्हणजे ६.८२. पुढच्या परीक्षेत पेपर निघाला की ते पॉइंट जोडले जातात.

तुमचं उत्तर आणि मार्कशीटवरचा आकडा जुळला नाही, तर आधी क्रेडिटचा रकाना पुन्हा तपासा. चूक बहुतेक तिथेच सापडते. आकडा जुळूनही अपेक्षेपेक्षा कमी असेल, तर एकेका विषयाचे इंटर्नल पाहा. हजर असून तिथे गैरहजर किंवा शून्य दिसत असेल, तर असाइनमेंट, हजेरीचा पुरावा आणि लेखी अर्ज घेऊन थेट कॉलेजच्या परीक्षा विभागात जा. त्यासाठी रिव्हॅल, म्हणजे पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, टाकू नका. रिव्हॅल लेखी पेपरसाठी असतं, आणि त्यातही आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, विषयाच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा, मगच ठरवा. मुदत फार थोडी असते. निकाल लागला त्याच दिवशी नोटीस वाचा.

सीजीपीएसाठी, म्हणजे सगळ्या सेमिस्टरांच्या एकत्रित आकड्यासाठी, सेमिस्टरांच्या एसजीपीएची सरासरी काढू नका. पहिल्या सेमिस्टरचे १७४ (क्रेडिट २२) आणि दुसऱ्याचे, समजा, १४० (क्रेडिट २०). बेरीज ३१४, क्रेडिट ४२, सीजीपीए ७.४८. नुसती सरासरी ७.४६ दाखवते. फरक लहान दिसतो, पण कटऑफच्या रेषेवर तो प्रवेश घालवू शकतो. म्हणून दर सेमिस्टरच्या गुणाकारांची बेरीज आणि क्रेडिट वहीत लिहून ठेवा.

हाच हिशोब उलटाही करता येतो. चार सेमिस्टरांत ८८ क्रेडिटवर ७.२ आहे आणि सहाव्याअखेर, १३२ क्रेडिटवर, ७.५ हवा आहे. हवेत ९९०, आहेत ६३३.६, उरले ३५६.४, त्यांना ४४ ने भागा. शेवटच्या दोन्ही सेमिस्टरांत मिळून ८.१ ची सरासरी राखावी लागेल. हा आकडा पाचव्या सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी माहीत असला तर उपयोग. सहाव्याच्या शेवटी कळून काही होत नाही.

नागपुरातल्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत शिकणाऱ्या भावा-बहिणीशी मात्र आपली अक्षरं ताडून पाहू नका. तिथे एए, एबी, बीबी अशी अक्षरं असतात आणि ती वर्गाच्या एकूण कामगिरीवर ठरतात.

राहिले टक्के. आईवडिलांचा हिशोब साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास असा असतो आणि अर्जांतही टक्केच विचारतात. यूजीसी-नेटला खुल्या प्रवर्गासाठी पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात. वरच्या ७.४८ ला दहाने गुणलं तर ७४.८ येतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) तक्त्याने, म्हणजे सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणल्यावर, ६७.३ येतात. सीबीएसईच्या दहावीला पूर्वी असलेला साडेनऊचा गुणक इथे लावूच नका. आपल्या पदवीला विद्यापीठाने जे सूत्र दिलं आहे तेच वापरा, अर्जात सीजीपीए लिहिताना "७.४८, दहापैकी" असं लिहा आणि टक्के मागितलेच, तर सोबत विद्यापीठाचं रूपांतराचं प्रमाणपत्र जोडा.